गाळ काढण्याची पाळी

माझ्या वडिलांचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. अकोल्याच्या तहसील कचेरीत ते शिपाई होते. कुणी गोड बोलायला लागलं की ते जरा मागे सरकून त्याच्याकडे बघत. पाहुणा दारात आला की आधी "कायच्यासाठी आले?" आणि मग पाणी. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, वडिलांचा संशय मात्र होता तिथेच राहिला.

मी आठवीत होते. आमच्या मुलींच्या शाळेत पुण्याकडचे एक तरुण सर विज्ञान शिकवायला आले. शाळेच्या मागे इमारत बांधताना केलेलं सिमेंटचं टाकं रिकामं पडलं होतं. सरांनी ते भरून घेतलं आणि कुठूनसे रोहूचे बोटाएवढे मासे आणून त्यात सोडले. टाक्याच्या कडेला विटा रचून वाफे केले आणि त्यात मातीऐवजी पातूर रस्त्याच्या नाल्यातली रेती आणि गिट्टी भरली. माशांची घाण झाडांना खत होते, रेतीतून गाळलेलं पाणी नालीतून पुन्हा टाक्यात येतं, म्हणजे उन्हाळ्यात तेच पाणी फिरवून वांगी घेता येतील, असं सर सांगत. ते सांगताना त्यांचे डोळे चमकत. गावाला मात्र यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. भाजी विकणाऱ्या घरांना वाटे, आता शाळा बाजारात बसणार. मासे न खाणाऱ्या घरांना वाटे, आपल्या पोरींना बाटवायचा हा डाव आहे. हेडमास्तर रोज एकदा येऊन टाक्यात डोकावून जात.

कामं वाटून दिली होती. कुणी माशांना सरकीची ढेप टाकायची, कुणी पट्टीनं रोपांची उंची मोजायची, कुणी वांगी तोडायची. तळाचा गाळ डब्यानं उपसून वाफ्यांवर ओतायचं काम आमच्या वस्तीतल्या आम्हा तिघींकडे आलं. पाळी बदलेल, असं सर म्हणाले होते. ती बदलली नाही. मला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. गाळ उपसताना मासे माझ्या मनगटाला येऊन टोचत, मला ओळखतात असं वाटे. त्या टाक्यावर माझा जीव जडला होता.

एकदा जेवताना वडिलांनी माझा हात धरला आणि हुंगला.

"तुह्या हाताले कायचा वास येऊन राहिला?"

मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बाकीच्या पोरी काय करतात, असं विचारलं. मी म्हटलं, त्या मोजतात, तोडतात. "अन् गाळ?" गाळ आम्ही तिघी, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. वडिलांनी माझा हात सोडला आणि जेवण पुरं केलं. माय मात्र घाबरली. ती त्यांना म्हणत राहिली की शाळेत जाऊन काही बोलू नका, पोरीचं नाव काढून टाकतील. तिचा संशय वडिलांपेक्षा वेगळा होता, पण कमी नव्हता.

वडिलांनी रजा टाकली. कचेरीचा पोशाख न घालता पांढरा सदरा घालून ते शाळेत आले. आम्ही टाक्यापाशीच होतो. त्यांना बघून सरांचा चेहरा पडला. तक्रार घेऊन आलेले ते पहिले पालक नव्हते. वडील काही बोलायच्या आत सर समजूत घालू लागले: इथे मासे कुणी शिजवत नाही, कुणाला खायला घालत नाही, कुणाच्या धर्माला धक्का लागेल असं काही नाही.

वडिलांनी त्यांचं पुरतं होऊ दिलं. मग म्हणाले, "मासे तं आमी खातो, सर. मासे कावून पाळले, ते नाई इचारून राहिलो मी. माही पोरगी रोज गाळच कावून काढते, ते सांगा."

सर हळू आवाजात म्हणाले, बऱ्याच मुलींच्या घरून निरोप आले होते की आमच्या मुलीला त्या घाणीत हात घालायला लावू नका. म्हणून ज्यांनी नाही म्हटलं नाही, त्यांना ते काम दिलं.

"म्हंजे नाई म्हनाव लागते," वडील म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्हन मंग."

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मला रडू येत होतं. नाही म्हटलं तर टाकं सुटणार, आणि न म्हणावं तर वडील समोर उभे. हातातला डबा मी खाली ठेवला आणि म्हणाले, "मी गाळ काढीन. पन सगळ्याईनं पाळीपाळीनं काढावा. अन् मोजायची पट्टी मले बी पाहिजे."

वडिलांना हे उत्तर आवडलं की नाही, कळलं नाही. ते सरांना नमस्कार करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर केलं की जिला टाक्यावर यायचं तिनं गाळही काढायचा. पहिला डबा त्यांनी स्वतः पॅन्ट दुमडून उपसला. निम्म्याहून जास्त मुली आल्याच नाहीत. काही दिवसांनी त्यातल्या दोघी परत आल्या, घरी न सांगता. पट्टी माझ्या हातात आली. वांगी चांगली धरली, पण घरी न्यायला कुणी तयार नव्हतं. मी नेली. वडिलांनी एकेक चिरून आतून बघितलं, मग मायनं भाजी केली. जेवताना ते एवढंच म्हणाले की चांगली आहेत. आणि लगेच विचारलं, या हप्त्यात गाळ कोणाकडे आहे? पुढे दर शनिवारी ते हेच विचारत.

वर्ष संपलं तेव्हा सरांची बदली अमरावतीला झाली. नेहमीची बदली, असं हेडमास्तर म्हणाले. वडिलांनी ते मानलं नाही. मला तर वडिलांचाच संशय आला, त्यांच्या येण्यानं हे झालं असं वाटून मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मासे बादल्यांत भरून मोर्णा नदीत सोडले आणि टाकं पुन्हा कोरडं पडलं.

पुढे मीही शिक्षिका झाले. नाही न म्हणणाऱ्या तिघी कुठल्या वस्तीतल्या होत्या, हे सरांना कळलं नसेल का? मला कधी वाटतं, त्यांचं लक्ष माशांत होतं. कधी वाटतं, एवढं कसं कळत नाही? एकदा मी हे वडिलांजवळ बोलले. तेव्हा ते सेवानिवृत्त होऊन खाटेवर बसलेले असत.

"त्याईले मालूम असन का नसन, ते मी कायले पाहू," ते म्हणाले. "इचारलं म्हून पाळी बदलली." मग त्यांनी विचारलं, "तुह्या शाळेत पोराईले पानी कोन वाढते?"

मी सांगितलं. माझ्या उत्तरानं त्यांचं समाधान झालं, असं काही मला दिसलं नाही.