भुऱ्याची उडी

आपण आयुष्यात कुणालाच काही शिकवलं नाही, असं रुखमाबाई स्वतःच सांगायची. मुलगा अतुल आपला आपण शिकला आणि वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला. नवरा उकंडा तिच्या हाती आला तोच शिकून बिघडलेला. पण घाटंजीजवळच्या त्या गावात भुऱ्या कुत्र्याला उडी मारायला शिकवलं ते तिनंच, आणि तेही तीन वर्षं न चुकता.

कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला जाडं फडकं बांधतात. पुढे त्याची ओटी होते आणि वेचलेला कापूस तिच्यात जातो. रुखमाबाई संध्याकाळी परतताना त्याच ओटीत दुपारची उरलेली अर्धी भाकर टाकायची. दारात भुऱ्या उभाच. पुढचे दोन पाय तिच्या पोटावर, नाक ओटीत, आणि भाकर गट्ट. शेजारणी हसायच्या, तीही हसायची.

ज्या वर्षी कापसाचे भाव पडले आणि जो तो घरात कापूस भरून खरेदी सुरू व्हायची वाट बघत बसला, त्याच वर्षी दिवाळीनंतर उकंडाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. यवतमाळच्या डॉक्टरानं बजावलं, की रोज उभं करा, चालवा, पण पडू देऊ नका. खुब्याचं हाड मोडलं तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही.

उभं करायचं कसं? उकंडा हाडापेरानं दांडगा, ही काडी. मग तिनं अक्कल लढवली. वेचणीचं जुनं फडकं त्याच्या कमरेला घट्ट बांधलं, मागून मुठीत धरलं आणि नवऱ्याला बाजेवरून उचललं. जमलं की! तो दोन पावलं टाकतो न टाकतो तोच भुऱ्या अंगणातून धावत आला आणि त्यानं उकंडाच्या पोटावर उडी घेतली. उकंडा खाली, त्याच्यावर रुखमाबाई, आणि दोघांवर भुऱ्या.

खरचटण्यावर निभावलं. तिनं कुत्र्याला काठीनं बडवलं, खुंट्याला बांधलं. तो रात्रभर केकाटला आणि सकाळी ती शेतात गेल्यावर उकंडानं सरपटत जाऊन त्याला सोडलं. कुत्र्याचं नेमकं काय बिनसलं, हे तिच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. ज्याच्या कमरेला ओटी त्याच्याजवळ भाकर, एवढंच त्या मुक्या जनावराला ठाऊक होतं. त्यात त्याची काय चूक?

आता सारं उलटं शिकवणं आलं. ती ओटी बांधून दारात यायची. भुऱ्यानं उडी मारली की पाठ फिरवायची. बोलायचं नाही, बघायचं नाही. त्याचे चारही पाय भुईला टेकले की भाकरीचा तुकडा तिथंच खाली ठेवायचा. पहिल्या आठ दिवसांत त्यानं तिचं लुगडं दोन ठिकाणी फाडलं. दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला झालेला, आणि वर हे.

"बस न रे बाबा," ती काकुळतीनं म्हणायची. "तुह्या पाया पडतो. थो पडला तं मी काय करू?"

महिन्याभरात भुऱ्या शिकला. ओटी दिसली की तिच्यासमोर बुड टेकून बसायचा.

आणि तरीही उकंडा पडला. भर दुपारी, घरात एकटा असताना. ती आली तेव्हा त्याच्या कपाळावर रक्त वाळलं होतं आणि भुऱ्या शेजारी बसून ते चाटत होता. तिनं त्याच्या कमरेचं फडकं सोडलं, तर आतून भाकरीचा तुकडा पडला.

"हे कोनं ठेवलं?"

"मी," उकंडा जड जिभेनं म्हणाला. "बाज धरून उभा राह्यलो."

"कायले?"

त्यानं डाव्या हातानं भुऱ्याला जवळ ओढलं. मग म्हणाला, "तू सकाळी जाते, सांजेले येते. येनारे दारातूनच इचारते, कसा हाय उकंडा. अंगाले कोनी हात लावत नाही. भुऱ्या अंगावर येते तं वाटते, मी हावो अजून."

रुखमाबाईला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मरसान अशानं," ती म्हणाली. "माही शपथ घ्या." त्यानं घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती फडकं सोडून, सोबत घेऊन जाऊ लागली, तर यानं डाव्या हातानं पंचा गुंडाळला आणि त्यात भाकर घातली. चार दिवसांत पुन्हा पडून त्याचं कोपर फुटलं. नवऱ्याच्या तोंडची भाकर मोजून देण्याइतकं तिचं मन घट्ट नव्हतं आणि घरी बसून राहणं परवडत नव्हतं. कुत्रा शिकला, पण या माणसाला कसं शिकवायचं, हे तिला काही केल्या सुचेना.

तांड्यावरच्या देवीलालला शेळ्यांच्या राखणीला कुत्रा हवा होता. त्याला तिनं निरोप धाडला. तो सकाळी दोरी घेऊन आला तेव्हा ती वेचणीला निघालेली, कमरेला ओटी. भुऱ्या धावत आला, तिच्यासमोर थांबला आणि शहाण्यासारखा बुड टेकून बसला.

"मावशी, हा तं शाना हाय," देवीलाल म्हणाला. "कायले देऊन राह्यल्या?"

आपल्या शिदोरीतली अख्खी भाकर तिनं भुऱ्यापुढे ठेवली आणि त्याचं खाऊन झाल्यावर दोरी बांधून दिली. बाजेवरून उकंडा पाहत होता.

दुसऱ्या दिवशी ती फडकं घेऊन त्याला उठवायला गेली. त्यानं डाव्या हातानं ते बाजूला सारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "उभं राहून कोठी जाऊ?"

ती विनवण्या करून थकली, भांडून थकली. शेवटी बगलेत हात घालून ओढू लागली, तर त्यानं अंग पार सोडून दिलं. तिच्यानं तो तसूभरही हलेना. बाहेरून वेचणीच्या बायांनी हाक मारली. तिनं ते फडकं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि ती गेली.