सिरसाच्या खोडातला खिळा

अक्षर माझं गिचमिड आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीतही नीट जमलं नव्हतं. चुकून कोणी ही वही उघडलीच, तर माफ करावं.

रायपूर राजधानी झालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे आजारात गेले. पुढच्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि अंगणातला सिरस शेजाऱ्यांच्या पत्र्यावर कलला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "भाभी, पेड़ का कुछ करो. बरसात में हमारे ऊपर आएगा."

मला काही वाटत नव्हतं. झाडाचं नाही, यांचंही नाही. सिरसाच्या खोडात यांनी मोठा खिळा ठोकून कपड्यांची दोरी बांधली होती. दोरीवर काही नसलं तरी मी संध्याकाळी तिथे जाऊन यायची.

झाड तोडणारा आला. त्याने वर पाहिलं, मग शेजाऱ्यांच्या पत्र्याकडे पाहिलं. "लकड़ी आप रखोगे तो चार हजार. हम ले जाएँ तो ढाई."

लाकूड नेऊ द्यायचं मी ठरवलं. यांचं पेन्शन सुरू झालं नव्हतं. अडीच हजार माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावाने, गुढियारीच्या त्यांच्या घरून मला उसने आणून दिले. त्यांच्यासमोर मी कधी बोलत नसे. पदर पुढे ओढून "हव" एवढंच. इथे राहून तो शब्द तोंडात बसला होता. हो म्हणायचं असलं तरी हव, नुसतं ऐकते आहे असं सांगायचं असलं तरी हव.

झाड दुपारपर्यंत दोरांनी खाली आलं. शेवटी खोड कापताना आरी खिळ्याला लागली. तोडणारा आरी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"दीदी, अंदर कील थी. दाँत गए. डेढ़ हजार और लगेगा, ठीक है?"

खिळा यांनी ठोकलेला. मी म्हटलं, "हव."

संध्याकाळी तो पैसे मागायला आला तेव्हा भासरे माझ्याकडे आलेले होते. "दीड हजार? एवढ्यात तं नवी आरी येते. काहून हव म्हटलं?"

मी म्हटलं, "हव."

ते हसले. खिशातून आणखी दीड हजार काढून त्याला दिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, हे घर विकाचं पाहू. राजधानी झाली, जागेले भाव आला आहे. तुम्ही आमच्याकडे राहा."

मी पुन्हा तेच म्हटलं.

आठवड्याने दोन माणसं फीत घेऊन अंगण मोजायला आली. मी धावत जाऊबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आता कशाले रडून राहिल्या? तुम्हीच तं हव म्हटलं."

मी रडत नव्हते. घर जाईल एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "झाडाचे पैसे फिटेपर्यंत घराचं काढू नका, असं त्यांना सांगा."

पंडरीच्या एका दुकानातून मी फॉल लावायला साड्या आणू लागले. कधी दोनशे, कधी शंभर, जाऊबाईंच्या हाती देत गेले. पेन्शन सुरू झाल्यावरही साड्या सोडल्या नाहीत. थंडीत उजव्या हाताचा अंगठा बधिर व्हायचा. बाकी अंगाला तशीही फारशी जाण नव्हती.

शेवटचे तीनशे मी स्वतः भासऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी मोजले. "झाले पूर्ण. मग घराचं?"

"नाही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की जाऊबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणे," भासरे म्हणाले. नोटांची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि जाऊबाईंना चहा ठेवायला सांगितलं.