जिन्याखालचं गाव

अख्ख्या पनवेल तालुक्यात स्वतःच्या जिन्याखाली टपाल खातं चालवणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे आमचे जुने घरमालक, असं माझं प्रामाणिक मत आहे. तालुक्यातले सगळे जिने मी पाहिलेले नाहीत, म्हणून हे जरा जपूनच लिहिते. करंजाड्यात त्यांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो. माझे वडील नव्या इमारतींवर स्लॅबच्या फळ्या ठोकायचं, सेंटरिंगचं काम करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तीही कॉम्प्युटर हा विषय घेऊन. त्यामुळे जिन्याखाली जे चाललं होतं ते मला कळतं, असं सगळे धरून चालायचे. मला ते निम्मंच कळायचं.

भाडेकरू त्यांना शेठ म्हणायचे. पण शेठ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसलं त्यांच्यात काही नव्हतं. अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल, आणि मीटरच्या खोलीत पाण्याच्या पंपाला पाठ लावून बसलेले. समोर भाच्याने टाकून दिलेला कॉम्प्युटर. त्यांचं गाव खारकोंड. ते विमानतळाच्या जागेत गेलं. शेतं, मिठागरं, घरं, सगळंच. लोक पांगले, कुणी करंजाड्याला, कुणी उलव्याला, एक कुटुंब तर थेट मोऱ्याच्या बंदराला. तेव्हा शेठनी ठरवलं की गावाचं नाव इंटरनेटवर लावायचं, प्रत्येक घराला त्या नावाचा ईमेल पत्ता द्यायचा, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नाही, आपल्याच. मी एकदा भीतभीत म्हटलं, "शेठ, मेल तर फुकट मिळतो ना सगळीकडे?" ते म्हणाले, "फुकटच्या जागेत ऱ्हायचा, आनि उद्या कोन बोलला उठा, मंग? आपली जागा ती आपली जागा." मी वर जाऊन पुस्तकात पाहिलं, 'आपली जागा' असा धडा नव्हता.

हे सगळं ते व्हिडिओ बघून शिकले. व्हिडिओ हिंदीत, आवाज पूर्ण मोठा, आणि न समजलेला भाग पुन्हा पुन्हा. जिन्यातून तो आवाज वर चढायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कणीक मळता मळता "अब हम डेटाबेस बनाएंगे" असं पुटपुटायच्या. शेठच्या बायकोला तर तो शिकवणारा घरातलाच वाटायला लागला होता. "तुमचा तो मास्तर आज गप का?" असं त्या विचारायच्या, आणि शेठ गंभीरपणे सांगायचे, "नेट गेलाय."

मेलचा सर्व्हर चालवायचा तर कुणाचं खातं आणि कुठला पासवर्ड, हे डेटाबेसमध्ये भरावं लागतं. एरवी हे खातं माणसागणिक असतं. शेठनी ते घरागणिक केलं. त्यांच्या गावात लग्नाचं आमंत्रण घराला जायचं, माणसाला नाही. मग पत्रं तरी माणसाला कशाला? शिवाय निम्म्या गावाचं आडनाव एक आणि दर दोन घरांआड एक बाळाराम, म्हणून पत्त्यांची नावंही गावातल्यासारखीच ठेवली: चिंचेखालचा बाळाराम, बांधावरचा बाळाराम. त्याचा परिणाम असा झाला की बांधावरच्या बाळारामच्या मुलाला बेलापूरच्या एका कंपनीने नोकरी नाकारल्याचं पत्र आधी त्याच्या आत्याने वाचलं. तो घरी पोचेपर्यंत त्याच्या समजुतीसाठी शिरा तयार होता, आणि आपली समजूत कशाबद्दल घातली जातेय हे त्याला शिरा संपल्यावर कळलं.

पासवर्ड तर शेठनी स्वतःच ठरवले. ज्या घराच्या दारात जे होतं तो त्या घराचा पासवर्ड. कुणाची विहीर, कुणाचा शेवगा, कुणाचं मोडकं होडगं. मी सांगितलं की पासवर्ड दुसऱ्याला माहीत असू नये, आणि डेटाबेसमध्ये तो असा उघडा लिहूनही ठेवत नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "अगं, कोनाच्या दारात काय होता ते आख्ख्या गावाला ठाव हाय. लपवायचा कोनापासून?" त्यांचं गणित चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. एकदा उलव्याहून एका तरुण मुलाचा फोन आला, की पासवर्ड लागत नाही. शेठनी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्या दारात काय होता ते टाक."

"पार्किंग."

"तो आताचा झाला रे. जुन्या घराच्या दारात?"

पलीकडे त्याने अंदाजाने दोन-तीन शब्द टाकून पाहिले. मग तो म्हणाला, "काका, तुमीच सांगा ना."

"रांजन," शेठ म्हणाले, आणि फोन ठेवून उगाचच पंप बंद करून पुन्हा चालू केला.

आम्हा भाडेकरूंनाही त्यांनी खाती दिली. आमच्या खोलीच्या दारात झाड नव्हतं की विहीर, म्हणून आमचा पासवर्ड पंप. पाणी आलं की शेठ आधी जिन्यातून ओरडायचे आणि मग खाली बसून सगळ्या खोल्यांना मेल करायचे: पाणी आलं, भरून घ्या. मेल पोचेपर्यंत हंडे भरून झालेले असत.

हे सगळं हौसेचं म्हणून चाललं असतं, पण त्या वर्षी गावच्या जत्रेचा प्रश्न आला. देव नव्या देवळात आणला होता, तरी जत्रेला माणसं कमी कमी होत चालली होती. कमिटीतल्या तरुणांचं म्हणणं पडलं की आता ही जत्रा बंद करून शेजारच्या मोठ्या जत्रेत सामील व्हावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यावरून एवढं भांडण झालं की अर्धे लोक ग्रुप सोडून गेले. शेठ कमिटीपुढे म्हणाले, "या साली आमंत्रण मी धाडतो. खारकोंडच्या पत्त्यावरून. मानसं नाय आली, तर करा बंद." कमिटीचा अध्यक्ष त्यांचाच पुतण्या. तो म्हणाला, "काका, तुमचा मेल कोन वाचतंय?" शेठ घरी येऊन टाइप करायला बसले, आणि एका बोटाने आठवडाभर ते आमंत्रण लिहिलं.

घरांच्या या मेलच्या पेट्या लोक फारसे उघडत नाहीत हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं, म्हणून आमंत्रण सगळ्यांच्या रोजच्या, मोबाइलमधल्या पत्त्यांवर पाठवलं. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी मला बोलावलं. मी माझ्या मोबाइलवर एक प्रत मागवून पाहिली. ती आली होती, पण स्पॅममध्ये, म्हणजे मेलच्या कचरापेटीत, लॉटरी लागल्याच्या आणि केस उगवण्याच्या पत्रांच्या मधोमध. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की घरच्या साध्या कनेक्शनवरून आलेल्या मेलवर मोठ्या कंपन्या विश्वास ठेवत नाहीत. शेठनी ती यादी बोटाने वरखाली करून पाहिली. "म्हंजे आमचा गाव कचऱ्यात," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, म्हणून मी घाईने म्हटलं, की ज्याला मेल गेला त्याने तो उघडून 'हे स्पॅम नाही' असं दाबलं, तर पुढचे मेल बहुतेक नीट येतील. "कोनी दाबायचा?" "ज्याचं त्याने." "मंग त्याला सांगायला पायजे ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली.

करंजाडे झालं, उलवे झालं, मोऱ्यालाही जाऊन आले. एका रविवारी बटण दाखवायला म्हणून मलाही उलव्याला नेलं. सगळीकडे क्रेन आणि धूळ, आणि नव्या इमारतींमधून शेठ लोकांना जुन्या घरांच्या खुणांवरून शोधत होते. "ते चिंचेखालचे कितव्या माल्यावर?" असं विचारल्यावर वॉचमनने आम्हाला बराच वेळ खाली उभं ठेवलं. वर गेलो तर बाळारामच्या म्हाताऱ्या आईने दार उघडलं.

"अरे, तू? ये, ये. जत्रा कवा हाय यंदा?"

"मेलमदी लिवलाय. नातवाला बोलव, मोबाइल आन."

"तू दारात उबा हायस ना? तोंडानं सांग की."

"नाय. आधी मेल उघडा."

नातू आला, स्पॅम उघडलं, बटण दाबलं. मग शेठनी ते आमंत्रण चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. तोवर चहा आला. म्हातारीने त्यांच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाली, "येतो आमी सगली." प्रत्येक घरी असंच झालं. कुठे चहा, कुठे सुकटीची चटणी बांधून दिली, आणि संध्याकाळी मीटरच्या खोलीत परतल्यावर शेठ समाधानाने म्हणाले, "मेलचा काम बेस्ट हाय."

जत्रेला देवळाबाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. पुतण्याने पालखीचा दांडा खांद्यावर घेता घेता काकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जत्रा बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. शेठ भेटेल त्याला सांगत होते, "बघ, मेल पोचला." मी मान डोलावली आणि प्रसाद घेतला.

आम्ही आता करंजाड्यात राहत नाही. वडिलांचं काम हललं, तशी खोलीही हलली. आमचं खातं बंद केलंत तरी चालेल, असं मी शेठना फोनवर सांगितलं. "ऱ्हाऊ दे की, तुझ्या एकटीला जागा अशी किती लागतेय?" एवढंच ते म्हणाले. त्या पेटीतला मेल माझ्या रोजच्या पत्त्यावर येईल असं मी करून ठेवलं आहे. इथे नळाला दिवसभर पाणी असतं. तरी सकाळी वर्गात बसलेली असताना मोबाइल थरथरतो: पाणी आलं, भरून घ्या.

तो मेल आता स्पॅममध्ये जात नाही.