पास्टरचं आमेन

अमरावतीच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत पास्टर शांतवननं उभी हयात आनंदानं सेवा केली, असं मंडळी म्हणते. मंडळीला काय जातं म्हणायला? उपदेश लांबला की लोकांच्या घरचं रविवारचं मटण करपायचं, आणि आटोपता घेतला की पास्टरची तयारी नव्हती म्हणायचे. चर्चमध्ये नवे पंखे लागले, तर कोणाच्या पंख्यावर दात्याचं नाव मोठं यावरून दोन घराणी एकमेकांशी बोलेनाशी झाली. समजूत काढायला पुन्हा पास्टरच. पंखे मात्र छान फिरत होते.

गेल्या महिन्यात वरिष्ठांनी त्याला अकोल्याला शिबिराला धाडलं. विषय होता, सेवेत आनंद कसा टिकवावा. बाहेरून आलेले वक्ते म्हणाले, रोज सकाळी आरशात बघून हसा आणि आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवा. शांतवन हे टिपून घेत होता, तेवढ्यात सेक्रेटरीचा फोन आला, की चर्चच्या बोअरची मोटर जळाली, तुम्ही कधी परतता? वा रे आनंद! परतीच्या एसटीत त्यानं सेवा सोडायचं ठरवूनच टाकलं. वरूडला मेहुण्याचं संत्र्यांचं पॅकिंग होतं, देखरेखीला माणूस हवा होता. संत्री रुसत नाहीत. शुक्रवारी होकार कळवायचा होता.

निरोप घ्यायची राहिली फक्त पार्बताबाई. ही खाटेला खिळलेली म्हातारी, आणि दर गुरुवारी तो तिच्याकडे प्रार्थनेला जायचा. तिचा लेक पुण्यात मोठ्या पगारावर होता, त्यामुळे आईसाठी वेळ नसणं त्याला परवडत होतं. म्हातारी तोंडाची फटकळ. शांतवननं गाणं सुरू केलं की कानातलं मशीन काढून ठेवायची.

त्या गुरुवारी त्यानं धीर करून सांगितलं, की मावशी, ही शेवटची भेट, मी थकलो, आता कशातच आनंद वाटत नाही. डोळे भरून आले, ते त्यानं लपवलेही नाहीत.

"आजवर तुमीच माह्यासाठी प्रार्थना करून राहिले," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कोनी केली का? बसा. आज मी करते."

खरंच, कोणी केली नव्हती. घरोघर लोकांच्या डोक्यावर हात ठेवत फिरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्यानं मान खाली घातली. तिचा हात त्याच्या टकलावर टेकला.

"बापा, याचा आवाज फाटका हाय. याच्या उपदेशात मले झोप येते. पन माह्या लेकाले जमलं नाही ते यानं केलं. तुले याच्याहून चांगला मानूस सापडत असन तरी धाडू नको, मले आता नव्याची सवय होनार नाही. हा थकला हाय, याले थोडं हसव. अन् पुढच्या गुरुवारी हाच येईन, असं कर."

"आमेन," शांतवन खणखणीत आवाजात म्हणाला.

मेली जन्माची सवय! कोणाचीही प्रार्थना संपली की पास्टरच्या तोंडून आमेन, म्हणजे तसंच होवो, निघणारच, काय मागितलं ते डोक्यात नंतर शिरतं. ते त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत म्हातारीनं कानातलं मशीन काढून उशीखाली सारलं होतं.

"आता गानं म्हना," ती म्हणाली.

त्याला हसू फुटलं, पोट धरून, आरशाबिरशाशिवाय. हसता हसता तो रडलाही. मग त्यानं गाणं म्हटलं, अगदी सगळी कडवी.

शुक्रवारी त्यानं मेहुण्याला नकार कळवला. मेहुणा भडकला, असं एकाएकी काय झालं म्हणून विचारू लागला. शांतवननं सांगितलं, की काल मी आमेन म्हणून बसलो. मेहुणाही ख्रिस्तीच होता, त्यानं देखरेखीला दुसरा माणूस शोधायला घेतला.