नानांचे दोन प्रश्न

नवं माणूस मशीनसमोर उभं राहिलं, की नाना कड त्याला नाव-गाव विचारत नसत. मशीनकडे हात करून विचारत, "ह्याच्यात काय चालत न्हाई?" समोरचा उत्साहाने सांगू लागे, की ही पत्रा दाबून आकार देणारी साठ टनांची प्रेस आहे, हिच्यावर अमुक ब्रॅकेट निघतं, तासाला इतके नग निघतात. नाना शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा म्हणत, "त्ये झालं. चालत काय न्हाई त्ये सांगा."

त्यांच्या त्या परीक्षेत मीही नापास झाले होते. चाकणच्या एका कंपनीत मी तपासणी विभागात कंत्राटावर लागले, तेव्हाची गोष्ट. मी लातूरकडची, आयटीआय झालेली. दापोडीहून कंपनीच्या बसने यायचे आणि स्वतःला बरीच हुशार समजायचे. मी म्हणाले, "जाड पत्रा चालत नाही. गंजलेला चालत नाही. तेल न लावलेला चालत नाही बघा." नाना म्हणाले, "आजून?" मी पत्र्याचेच आणखी दोन प्रकार सांगितले. तेव्हा त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. "हात चालत न्हाई, ताई. ह्ये पैलं सांगायचं. पत्र्याचं मागनं."

त्या बोटाची हकीकत ते स्वतःच रंगवून सांगत. तरुणपणी भोसरीच्या एका लहानशा शेडमध्ये प्रेसवर होते. मशीन चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागत, म्हणजे हात आत राहू नयेत. नानांनी एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकलं आणि मोकळ्या झालेल्या हाताने पत्रा सरकवू लागले. दोन दिवस सगळ्यांपेक्षा जास्त माल काढला. तिसऱ्या दिवशी पेर गेलं. "मालक शाबासकी द्यायला आला आन् दवाखान्यात घिऊन गेला," असं म्हणून ते मोठ्याने हसत. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

आमच्या कंपनीत नाना फिटर होते. वेल्डिंग करताना सुटे भाग ज्यात घट्ट बसवून धरतात, ती फिक्स्चर सांभाळणं हे त्यांचं काम. चाकणच्या पुढच्या एका गावातले ते जुने रहिवासी, घरी कांद्याची शेती. बेताची उंची, दाट मिशी, खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी आणि सुपारीची डबी. सुपारी सगळ्यांना देत, पट्टी कुणालाही देत नसत. शिक्षण दहावी. "कसा पास झालो त्ये मास्तरला ठावं," म्हणत. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असून मला ताई म्हणत, आणि मी चिडले की मुद्दाम मॅडम म्हणत, म्हणजे मी आणखी चिडायचे.

त्या वर्षी मी बऱ्याचदा चिडायचे. नोकरी करणाऱ्यांसाठी पिंपरीत संध्याकाळी डिप्लोमाचे वर्ग चालत, तिथे मी जात होते. बाकीचे सगळे विषय सुटले, गणित दोनदा राहिलं. तिसरी संधी शेवटची होती, कारण डिप्लोमा पुरा करायची मुदतच संपत आली होती. इकडे कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची एक कायम जागा साहेबांनी माझा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवली होती. पास झाले तर जागा माझी, नाही तर कंत्राट संपल्यावर घरी. नवरा म्हणायचा, "होईल गं." त्याच्या त्या 'होईल गं'नेच मला धडकी भरायची.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून वही उघडून बसले होते. पहिलाच धडा, फंक्शनचा. डोमेन काढा, रेंज काढा. सरांनी उतरवून दिलेली व्याख्या मला तोंडपाठ होती आणि तिच्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. नाना भाकरी-ठेचा घेऊन समोर येऊन बसले आणि वहीत डोकावले.

"काय हाय ह्ये?"

"गणित आहे, नाना. तुमच्या कामाचं नाही."

मी तुसडेपणाने बोलले, याची मला आजही लाज वाटते. त्यांनी मनावर घेतलं नाही.

"आसू द्या. पण ह्यो एक्स मंजी काय? कच्चा माल का?"

"तसंच समजा. एक्स आत घालायचा, त्याच्यावर काहीतरी होतं आणि वाय बाहेर येतो."

"मंग मशीनच की!" नानांनी भाकरी खाली ठेवली. "ह्या मशिनीत काय चालत न्हाई?"

मी वहीकडे पाहिलं. वर्गमूळाचं चिन्ह होतं आणि त्याच्या आत एक्स वजा पाच. उणे संख्येचं वर्गमूळ निघत नाही, निदान आमच्या पुस्तकापुरतं तरी नाही. म्हणजे पाचापेक्षा लहान काही आत घालायचं नाही. पाच चालेल, आणि पाचाच्या वरचं सगळं चालेल. हे मी मोठ्याने म्हटलं आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं, की मी डोमेन काढलं होतं. दोन वर्षं जो शब्द नुसता घोकला, तो हा होता.

"आन् निघतं काय?" नानांनी विचारलं.

"शून्य, आणि शून्याच्या वरचं सगळं. हीच रेंज."

"येवढंच विचारत्यात व्हय? मंग तोंड पाडून बसायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी ते दोनशे पानी वही घेऊन आले. मला वाटलं माझ्यासाठी आणली, तर नाही, स्वतःसाठी. अडीच महिने आमचा हा उद्योग चालला. बीजगणित त्यांना येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक पायरी मला त्यांना समजावून सांगावी लागे, आणि त्यांना समजेपर्यंत सांगताना ती मला समजे. त्यांचा हट्ट एकच होता, की गणिताची पहिली ओळ डोमेनची. "आधी चालत काय न्हाई त्ये लिवा. मंग काय करायची ती कसरत करा." रेंजच्या बाबतीत मी आळस करायचे, सरसकट 'सर्व वास्तव संख्या' असं लिहून मोकळी व्हायचे. एकदा ते मला हाताला धरून प्रेसपाशी घेऊन गेले. "पाटी हाय साठ टनाची. चाळीसच्या वर गेली की थरथरती. पाटीवर लिवल्यालं येगळं, निघतं त्ये येगळं."

कॅन्टीनमधली पोरं चिडवायची. "काय नाना, रिटायर होऊन इंजिनिअर होणार का राव?" नाना म्हणत, "व्हय राव. तुजी शिकवणी लावतो. फी मातूर आगाऊ."

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना लाइनवर एक भानगड झाली. गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे ब्रॅकेट आमच्याकडे होत. दिसायला जुळी भावंडं, फरक फक्त एका भोकाच्या जागेचा. उजव्या बाजूच्या फिक्स्चरवर डावा तुकडा चुकूनही बसू नये म्हणून एक छोटी पोलादी पिन असे. त्या पिनेमुळे तुकडा बसवायला जरा वेळ लागतो, म्हणून कुणीतरी ती ग्राइंडरने उडवून टाकली होती. सकाळपासून काम झपाट्याने चाललं होतं आणि सगळे खूश होते. मग माझ्या तपासणीच्या टेबलावर उलट्या बाजूचा वेल्ड झालेला तुकडा आला. नानांनी फिक्स्चरवरून अंगठा फिरवला आणि लाइन बंद केली. सुपरवायझर ओरडत आला, "नाना, आज माल जायचाय! चालू करा आधी." नाना म्हणाले, "करतो की. पिन बसू द्या." तासभर तो माणूस तणतणत राहिला आणि तासभर नाना खाली मान घालून काम करत राहिले. पिन बसल्यावरच लाइन सुरू झाली.

त्याच दुपारी माझ्या वहीत एक्सचा वर्ग वजा नऊ, भागिले एक्स वजा तीन असं गणित होतं. मी झटक्यात अवयव पाडले, वरचा-खालचा एक्स वजा तीन कापला, उरलं एक्स अधिक तीन. डोमेन सर्व संख्या, रेंज सर्व संख्या. इतकं सोपं गणित आलं म्हणून मी खुशीत होते.

नानांनी कापलेल्या जागेवर पट्टी ठेवली. "ह्ये काय उडवलंत?"

"एक्स वजा तीन. वरखाली सारखंच होतं ना."

"उडवायच्या आधी आत तीन घातलं आसतं तर?"

मी हिशोब केला. खाली शून्य. शून्याने भागता येत नाही.

"मंजी पिन व्हती तिथं," नाना म्हणाले. "तुमी ती ग्राइंडरनं उडवली आन् म्हणताय, आता काय बी बसतं."

मी डोमेन दुरुस्त केलं, तीन सोडून सर्व संख्या. नाना उठले नाहीत. "आन् निघतं काय?" मी म्हटलं, रेंज तर बरोबर आहे ना. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तीन आत गेलं आसतं तर काय निघालं आसतं?" तीन अधिक तीन, सहा. "तीन आत जाईना, तर सहा भाईर कुठनं यील?" मी पुस्तकाची मागची पानं उलटली. पुस्तकातलं उत्तर तेच होतं, सहा सोडून सर्व संख्या. दहावी कशी पास झालो ते माहीत नसलेल्या माणसाने ते मला कॅन्टीनच्या बाकावर काढून दिलं होतं.

मे महिन्यात परीक्षा झाली. पेपर ना धड चांगला ना धड वाईट. डोमेन-रेंजचा एक प्रश्न आला होता, नऊ वजा एक्सचा वर्ग, आणि त्या सगळ्याचं वर्गमूळ. पहिली ओळ डोमेनची लिहिली आणि घाईघाईने पुढे गेले. मेअखेरीला नाना निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही. नुसते सगळ्या मशीनपाशी जाऊन आले.

निकाल लागला तेव्हा मी त्यांना फोन केला. "नाना, पास झाले!" पलीकडून विचारणा आली, "किती?" पासाला चाळीस लागत होते, मला एक्केचाळीस होते. "त्ये आपलं डोमेनचं आलं व्हतं का?" आलं होतं, म्हटलं. "मंग पेपर घिऊन या." मी अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती येईपर्यंत कायम नोकरीचं पत्र माझ्या हातात पडलं होतं.

नानांना जाऊन आता वर्ष होईल. माझ्या नावापुढे इंजिनिअर लागतं ते त्यांच्यामुळे, हे मी कुणालाही सांगते. पण नाना म्हटलं की मला त्यांच्या गावातली ती दुपारच आठवते. पेढे आणि झेरॉक्स घेऊन मी गेले, तेव्हा ते घरामागच्या कांद्याच्या चाळीत सडलेले कांदे निवडत बसले होते. हात धोतराला पुसून त्यांनी चष्मा लावला. पेढ्यांचा पुडा न उघडताच बाजूच्या गोणीवर ठेवला आणि कागद हातात घेतला.

"ह्ये दोन कशाचे?"

"डोमेनचे."

"आन् ह्यो भोपळा?"

"रेंजचा. जाऊ द्या की नाना. ते दोन मिळाले नसते तर एकोणचाळीसवर बसले असते मी. ते दोन गुण तुमचे आहेत." मला वाटलं, आता ते डोक्यावर हात ठेवतील.

"त्ये खरं," नाना म्हणाले. "पण ताई, निघतं काय त्ये चुकलंय. बसा."

"आता?"

"मंग कवा?"

नव्या नोकरीची नवी साडी सावरत मी कांद्यांच्या ढिगाशेजारी बसले. त्यांनी एकेक आकडा सांगावा आणि मी तो नऊ वजा एक्सचा वर्ग, त्याच्या वर्गमूळात घालून बघावा. शून्य घातलं, तीन निघाले. तीन घातले, शून्य निघालं. उणे तीन घातले, तरी शून्य. एक घातला, आठाचं वर्गमूळ, तिनाच्या आतच.

"उणे निघालं का कुठं?"

"नाही."

"मंग ह्ये उणे तीन ते तीन आणलं कुठनं?"

मला खरं तेच सांगावं लागलं. "घाईत होते, नाना. डोमेनमध्ये जे होतं तेच खाली उतरवलं."

ते माझ्याकडे बघून हसले. "आत गेल्यालं जर हाय तसंच भाईर येत आसतं, तर मशीन कशाला पायजे व्हती?"

मी झेरॉक्सवर, त्या भोपळ्याच्या खाली, शून्य ते तीन असं लिहिलं. नानांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, भोपळ्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी वळणदार अक्षरात दोन असा आकडा काढला. पानाच्या टोकाला एक्केचाळीस होते, ते खोडून त्रेचाळीस केले. खाली सही केली, पूर्ण नावाने.

"आता झालात पास," म्हणून त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला.