काचेची नळी आणि डावा कान

माझा हात तोंडाच्या आधी चालतो. कौतुकानं नाही सांगत, आहे ते सांगते. माहेरी उत्रोलीला मी धुणं दगडावर असं आपटायचे की शेजारीण म्हणायची, "अगं, कापडं धुतीस का कुणाचा सूड घेतीस?" पण कंदिलाच्या काचा घासायच्या असल्या की आख्खी आळी माझ्याकडं पाठवायची. कितीही काजळी असू दे, मी ती काढणारच. काच राहील नाहीतर मी राहीन, असा हिशेब.

लग्न होऊन वेल्ह्याच्या डोंगरात आले, पासलीच्या अलीकडं. भाताची चार खाचरं आणि स्वभावानं गरीब नवरा. पुढं पुण्याच्या एका कुटुंबानं वरच्या उतारावर बंगला बांधला आणि राखणीला आम्हाला ठेवलं. मागं दोन खोल्या दिल्या. नवरा बाग बघायचा, मी झाडलोट आणि भांडीकुंडी. मालक वर्षातून दोन-तीनदा यायचे, बाकी शनिवार-रविवारी पाहुणे. पाहुणे म्हणजे गाणी, बाटल्या आणि सोमवारी मला उपसायला उकिरडा.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता, पोराची पोलीस भरती. एकुलता एक पोरगा. भोरला कॉलेज करून तिथंच मित्रांबरोबर खोली घेऊन राहिलेला. पहाटे पळायचा, दिवसभर पुस्तकात डोकं. मैदानी चाचणी निघाली, लेखी निघाली. राहिली होती फक्त मेडिकल, तीन आठवड्यांवर. वर्दीतला फोटो कुठल्या भिंतीवर लावायचा ते मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. खिळाही ठोकला होता.

अशात एका सोमवारी बंगल्याच्या न्हाणीमागं मला ती वस्तू सापडली. हातभर उंच काचेची नळी, खाली गोल पोट, पोटाला तिरकी बारकी नळी. आत शिळं पाणी आणि सगळीकडं डिंकासारखा चिकट काळा लेप. मला वाटलं, मालकीणबाईंची शोभेची फुलदाणी पाहुण्यांनी घाण करून टाकली. वास लई वंगाळ होता. माझा थोरला भाऊ चिलीम ओढायचा, तो वास मला ओळखू यायला पाहिजे होता. नाही आला. शिळ्या पाण्यात सगळाच आंबून गेला होता.

मग काय, बसले घासायला. राख झाली, चिंच झाली, लिंबू झालं, सोडा टाकून कढत पाणी झालं. लेप हलेना. दुसऱ्या दिवशी काथ्या काडीला बांधून आत घातला, तो आतच तुटून बसला. चिमट्यानं ओढून काढताना अंगठा कापला. नवरा म्हणाला, "टाक की मसणात. एवढं काय त्यात?" मी म्हटलं, "तुमी गप बसा. मला हरवनारी घाण अजून जन्मायची हाय." चौथ्या दिवशी फडताळात कोरोनातली सॅनिटायझरची बाटली दिसली. ते ओतलं, वर मूठभर जाडं मीठ, मूठभर तांदळाची कणी, दोन्ही तोंडं चिंध्यांनी दाबली आणि अशी हिसळली, अशी हिसळली की खांदे भरून आले. काळंकुट्ट पाणी पडलं. पुन्हा हिसळली. चौथ्या वेळेला नळीतून पलीकडचा डोंगर दिसला. मी एकटीच हसले. दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवून तिच्यात झेंडू खोचले.

शनिवारी सकाळी पोरगा आला. बापाला हात द्यायला बंगल्यात गेला आणि टेबलापाशी थबकला. मी फरशी पुसत होते.

"आई, हे कुठनं आलं?"

"चांगलं दिसतंय न्हाई? चार दिस घासलंय."

त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "अगं, ह्यातनं गांजा वढत्यात."

गांजा. हा एक शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. माझ्या त्याच भावानं गांजाच्या तारेत मुसळ उचलून आमच्या आईच्या हातावर घातलं होतं. जेवायला उशीर झाला म्हणून. हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी बसून ऐकला. आई मरेपर्यंत त्या हातानं भाकरी थापू शकली नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

"तुला कसं ठावं?" मी उठले.

त्यानं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, मला आजही दिसतंय. मी ओल्या हाताची एक लगावली. "कुनासंगं वढतोस? बोल!" तो बोलायला गेला की दुसरी. तिसरी सगळा तळहात पसरून डाव्या कानावर बसली, आणि तिचा आवाज बाकीच्यांसारखा नव्हता. तो टेबलावर कलंडला. झेंडू, पाणी, सगळं फरशीवर. माझं भागलं नव्हतं. फरशी पुसायचा दांडा घेतला आणि पाठीवर, मांडीवर, दिसेल तिथं घातला. सहा फुटाचं पोर. एका हातानं मला उचलून बाजूला ठेवू शकलं असतं. त्यानं फक्त डोकं दोन्ही हातांत धरलं.

नवरा धावत आला. "अगं सोड! मरंल ते!"

"मरू दे! गांजेकस वागवन्यापरीस मेलेला बरा!"

असं बोलले मी. माझ्याच तोंडानं. मग ती नळी उचलली, बाहेर नेली आणि धुण्याच्या दगडावर आपटली. चार दिवस जपून धुतलेली वस्तू एका दणक्यात भुगा झाली. तिचा एक तुकडा माझ्या पायात घुसला तेव्हा कुठं मी थांबले.

पोरगा पायरीवर बसला होता. कानातून रक्ताची बारीक धार गालावर आलेली. राग उतरला होता, पण माफी मागायची सवय माझ्या बापजन्मात नाही. मी आमच्या घरात करतात ते केलं. तेलात लसूण कढवली, तेल कोमट केलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानात ओतलं. तो कळवळला. मी डोकं दाबून धरलं. "गप पड. आतलं समदं निघून जाईल."

तो काही बोलेना. मी विचारलंही नाही. माझ्यासारखाच हेकट. भोरला परत गेला नाही, रोज सकाळी खाचरांच्या बांधावरून पळायचा तेवढा. दोन दिवसांनी कान वाहायला लागला, तसा मला चेवच आला. केसातल्या आकड्याला कापूस गुंडाळून दोन वेळा आत फिरवायचे आणि वर पुन्हा तेल. जितकं पुसावं तितकं येत होतं. आठव्या दिवशी ताप चढला, पळताना तोल जाऊन तो बांधावरून खाली खाचरात गेला. तेव्हा नवऱ्यानं पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "आता तरी त्याला डाक्टरकडं ने. न्हाईतर मी नेतो आन् म्हागारी येत न्हाई."

भोरला कानाच्या डॉक्टरांनी बत्ती लावून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पडदा फाटलाय. कशानं? कोणी मारलं का?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, "न्हाई, साहेब. हिरीत सूर मारला. आडवा पडलो पान्यावर."

"आणि तेल कोणी घातलं? अहो, कोरडा ठेवला असता तर आपोआप भरून आला असता. आता आत सगळं सडलंय."

"म्याच घातलं," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

डोंगराच्या ह्या अंगाला बोलले तर त्या अंगाला ऐकू जावं असा माझा आवाज. त्या दिवशी मी पदराची गाठ सोडून डॉक्टरांचे पैसे मोजत बसले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, नंतर, सूज उतरल्यावर, आणि ऐकू किती येईल ते सांगता येत नाही. मेडिकलला आठ दिवस होते.

परत निघालो. भोरच्या स्टँडवर एसटीला वेळ होता म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलो. डोक्यावर फलक होता, नशेपासून दूर राहा असा. त्यावर गोळ्या, पुड्या, सुया काढल्या होत्या. आणि मधोमध हातभर उंच काचेची नळी, खाली गोल पोट, पोटाला तिरकी नळी, वर लाल फुली. सातवीपर्यंत शिकलेय मी. खाली काय लिहिलंय ते दोनदा वाचलं.

उजव्या बाजूला जाऊन विचारलं, "ह्ये कवापास्नं हाय हितं?"

"दिवाळीपास्नं."

"हितंच बघितलंवतंस?"

"व्हय."

"मग त्या दिशी का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस का, आई?" एवढंच म्हणाला. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

मेडिकलला तो गेला. संध्याकाळी आला, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि जेवायला बसला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पुढं ऑपरेशन झालं. वाहणं थांबलं, पण ऐकू आलं नाही. भिंतीवरचा खिळा नवऱ्यानं कधी उपटला मला माहीत नाही.

आता पोरगा टेम्पो चालवतो. आठवड्यातून दोनदा भोरच्या बाजाराला मी त्याच्याबरोबर जाते. स्टेअरिंग उजवीकडं, म्हणून माझी जागा त्याच्या डाव्या हाताला, त्या कानाकडं. घाट लागला, इंजिन ओरडायला लागलं की मी समोर बघत बोलते. चुकलं माझं, म्हणते. तू सांगत होतास, मी ऐकायला पाहिजे होतं. तुझी वर्दी मी फाडली रं, बाळा. प्रत्येक फेरीला म्हणते.

परवा वळणावर त्यानं गिअर बदलला आणि मान न वळवता म्हणाला, "आई, दर खेपंला काय पुटपुटतीस? जरा मोठ्यानं बोल की."

मी पदरानं तोंड पुसलं.

"काय न्हाई," म्हटलं. "म्होरं बघून चालव."