राडारोड्याखालची विहीर

माझी मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा आईने विचारलं, विहीर कुठे पुजायची? आम्ही कोथरूडमध्ये नवीन फ्लॅट घेतला होता. सोसायटीत लिफ्ट होती, पार्किंग होतं. विहीर कुठून असणार? पण कुंपणाच्या भिंतीपलीकडे मूळ गावातल्या एका शेतकरी कुटुंबाचा तुकडा उरला होता. पत्र्याचं घर, पेरूची काही झाडं आणि दगडात बांधलेली विहीर. तिथल्या मावशींनी माझ्या बायकोला हाताला धरून काठाशी नेलं, हळदकुंकू वाहायला लावलं आणि पोरीच्या कपाळाला विहिरीचं पाणी लावलं. आता ही आमच्या पाण्याची झाली, असं त्या हसत म्हणाल्या होत्या.

पुढे हिंजवडीत कंपन्या वाढल्या. मीही तिथेच नोकरीला होतो. पगार वाढले तशा सोसायटीत गाड्या वाढल्या आणि उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी पुरेना. मी सेक्रेटरी होतो. मी पुढाकार घेऊन भिंतीलगत खोल बोअर घेतली. पाणी लागलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. रोज गाड्या धुतल्या जाऊ लागल्या. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, "सेक्रेटरी, पाताळाला मीटर नाही, हे बरंय." मी हसलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींच्या विहिरीचा तळ दिसला. त्यानंतरच्या पावसातही ती भरली नाही. मावशी भांडायला आल्या नाहीत. आमच्या वॉचमनच्या नळावर हंडा भरून त्या पेरूंना घालायच्या. मी ते कामावर जाताना बघायचो.

त्याच सुमारास घरोघरी जुने ओटे फोडून ग्रॅनाइट बसवायची टूम निघाली. राडारोडा टाकायचा कुठे, हा प्रश्न होता. कमिटीत कोणीतरी सुचवलं की कोरडी विहीर धोक्याची असते, भरून टाकली तर दोघांचंही काम होईल. विचारायला मी गेलो.

"पावसाचं पानी परत आलं तर?" मावशींनी विचारलं.

"आता नाही यायचं, मावशी."

मी कोणालाही विचारलेलं नव्हतं. कंपनीची बस यायची वेळ झाली होती, एवढंच.

"तुम्ही शिकलेली मानसं," त्या म्हणाल्या. "म्हंता तर भरा."

पहिली खेप आमच्या स्वयंपाकघराची पडली. निळ्या फुलांच्या टाइल्स होत्या. बोअर आमची, विहीर त्यांची, पण जमिनीखालचं पाणी एकच, हे तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. कळत होतं.

मग आमची बोअरही आटली आणि टँकर सुरू झाले. शेवटी आम्ही भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून जमिनीत मुरवा, असं त्यांनी सुचवलं. जवळपास जुनी विहीर असेल तर उत्तम, तिच्यातून पाणी खडकाच्या भेगांत चटकन उतरतं, म्हणाल्या. तेच निवृत्त गृहस्थ बोलले, "आहे की विहीर. फक्त तिच्यात आमची स्वयंपाकघरं आहेत."

मावशींची परवानगी घेऊन आम्ही ती उपसायला काढली. थोडं खाली गेल्यावर दगडी बांधकाम आत ढासळू लागलं. माणसं दबतील म्हणून कंत्राटदाराने काम थांबवलं. बाहेर काढलेल्या ढिगात निळी फुलं दिसत होती. मावशी सकाळपासून घराच्या पायरीवर बसून होत्या. माणसं दोर गुंडाळू लागली तेव्हा त्या उठल्या आणि आत गेल्या.

मग आमच्याच आवारात, बोअरशेजारी शोषखड्डा घेतला. खडी, वाळू, गच्चीवरून आणलेले पाइप. काही पावसाळ्यांनंतर बोअर पुन्हा चालू झाली, टँकर कमी झाले. वार्षिक सभेत मला शाल मिळाली. विहिरीबद्दल मी तिथेही बोललो नाही.

गेल्या वर्षी मावशी नातसुनेला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन आमच्या फाटकातून आत आल्या. पुजायला विहीर उरली नव्हती. वॉचमनला विचारत त्या बोअरपाशी पोचल्या. मी खालीच होतो.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या बोअरच्या झाकणावरचा पाला पदराने झाडत होत्या. "वहिनींना खाली बोलवा," त्या म्हणाल्या. "त्यांनी आमची पुजलेली हाय. ओटी त्याच भरतील."

बायको तांदूळ आणि नारळ घेऊन खाली आली. बाळाच्या कपाळाला लावायला पाणी हवं होतं. मी बोअरचा नळ सोडला, स्टीलचा मग विसळला आणि भरून आणला.

मावशींनी मगात बोटं बुडवली आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्ये त्येच पानी ना?"

मी हो म्हणालो. या वेळी मला खात्री होती.